जर्मनीचं १० यूरोचं नाणं (२००८), शिडांचं जहाज: माहिती हवी आहे

मधुरा_कुडाळ

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला, वय वर्षं दहा, सध्या नाण्यांचा नाद लागलाय. ते कळल्यावर आमच्या नानाकाकांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, त्यांचा जुना बिस्किटाचा डबा तिला देऊन टाकला. ते पूर्वी बोटीवर होते, त्यामुळे डब्यात देशोदेशीची चिल्लर आहे. बहुतेक साधीच नाणी, पण एक वेगळं निघालं.

मोठं, जड, पांढरं नाणं. एका बाजूला गरुड, त्याच्याभोवती जर्मनीचं नाव, १० यूरो, २००८ आणि एक बारीक इंग्रजी ‘जे’ अक्षर. दुसऱ्या बाजूला तीन डोलकाठ्यांचं शिडांचं जहाज आणि गॉर्ख फॉक हे नाव. कडेवरही काहीतरी कोरलंय. पाकिटातून काढून पाहिलं तर एका बाजूला पिवळट-काळपट डाग पडलेत. सोबत एक निळसर १० मार्कांची नोटही आहे, तिच्या मागेही असंच जहाज आहे.

गावातल्या सोनारांनी हातात घेऊन सांगितलं, चांदी आहे, हवं तर वजनावर घेतो. मला विकायचं नाही. पण हे खरं आहे का, डाग काढावेत का आणि ‘जे’ कशाचा, हे कळलं तर बरं होईल. शिवाय लेकीचा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला देता आलं नाही. नेटवर वाचून मी तिला म्हटलं की हे नौदलाचं जहाज आहे. तिने लगेच विचारलं, “मग तोफा कुठे आहेत?”

---

नाणेसंग्रह_सांगली

मधुराताई, नाण्यापुरतं मी सांगतो.

जर्मन नौदलाचं शिकाऊ जहाज गॉर्ख फॉक १९५८ साली सेवेत आलं. त्याला ५० वर्षं झाली म्हणून २००८ मध्ये हे स्मरणनाणं काढलं. स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग. वजन १८ ग्रॅम, व्यास ३२.५ मिलिमीटर. शुद्ध चांदी धरली तर १६.६५ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या आणि लोहचुंबक लावून पाहा, चिकटता कामा नये. कडेवर जर्मनमध्ये “१९५८ पासून सर्व महासागरांवर” अशा अर्थाचा मजकूर आहे. कड नीट तपासा, कारण नकली नाण्यात कडेची अक्षरं बऱ्याचदा बिघडलेली असतात.

‘जे’ ही हँबुर्गच्या टांकसाळीची खूण. बर्लिनची ए, म्युनिकची डी, श्टुटगार्टची एफ, कार्ल्सरूहची जी. आपल्याकडे मुंबईच्या नाण्यावर सालाखाली चौकटीच्या आकाराचा ठिपका असतो आणि हैदराबादच्या नाण्यावर चांदणी, तसंच हे.

नाणं दुर्मिळ नाही, लाखांच्या संख्येनं पाडलंय. प्रूफ प्रतीचं असेल, म्हणजे पार्श्वभूमी आरशासारखी आणि जहाज मॅट, तर थोडी जास्त किंमत येते. नाहीतर चांदीचा त्या दिवसाचा भाव आणि वर थोडंफार. एक लक्षात ठेवा, ही १० यूरोची नाणी फक्त जर्मनीत चलन म्हणून चालतात, फ्रान्स-इटलीत नाही. आणि २०११ पासून चांदी महागल्यामुळे त्यांनी साधी १० यूरोची नाणी तांबं-निकेलची करून टाकली. त्यामुळे २००८चं हे नाणं चांदीच्या काळातलं आहे.

डाग अजिबात काढू नका. चिंच, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काहीही लावू नका. घासलं की पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि ते कायमचे. जुनं मऊ प्लास्टिकचं पाकीट मात्र आजच फेकून द्या. त्यातूनच रसायन सुटतं आणि कोकणातल्या दमट हवेत नाणं चिकट-हिरवट होतं. कडक प्लास्टिकची गोल डबी मिळते, ३२.५ मिलिमीटरची मागा. कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा.

तोफांचं मला सांगता येणार नाही. इथे सारंगकाका आहेत, ते बोलतील.

---

सारंग_दाभोळ

मधुराताई, लेकीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. तिला सांगा, गॉर्ख फॉकवर तोफा नाहीत कारण ती लढायला बांधलेलीच नाही. ती शाळा आहे. जर्मनीत फ्लेन्सबुर्गजवळ म्युर्विक इथे नौदल अधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे. तिथे भरती झालेल्या मुलामुलींना या बोटीवर धाडतात. झोपायला झोळ्या, दिवसरात्र पाळ्या आणि शिडं चढवणं-उतरवणं सगळं हातानं. बोट ८९ मीटर लांब, २३ शिडं, आणि उंच डोलकाठी पाण्यापासून साधारण ४५ मीटर, म्हणजे १५ मजली इमारतीएवढी.

मी बोटीवर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होतो, मालवाहू जहाजांवर. शिडांच्या बोटीवर मी कधी काम केलं नाही, पण गॉर्ख फॉक पाहिलीय. उत्तर समुद्रातून बाल्टिकमध्ये जाताना आम्ही कील कालव्यातून जायचो. कालव्याच्या टोकाला होल्टेनाऊचं लॉक, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणारे दरवाजे, आहे. तिथून बाहेर पडताना सारंगाची जागा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर असते, दोर आणि नांगर सांभाळायला. तिथून कीलची खाडी समोर दिसते. कील हेच तिचं घर. एकदा ती खाडीतून आत येत होती, पांढरीशुभ्र, आणि पोरं वर शिडं गुंडाळत होती. मेटची, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, दुर्बीण मागून घेतली आणि पाहिलं.

डोलकाठीला ज्या आडव्या काठ्या असतात, आमच्याकडे होडीवर त्याला परबाण म्हणतात, त्या परबाणावर पोटावर वाकून पोरं ओळीनं उभी होती. उभी कशावर, तर परबाणाखाली लोंबणाऱ्या एका दोरावर. एकानं पाय हलवला की त्या दोरावरच्या सगळ्यांचे पाय हलतात. दोन्ही हात शिडाच्या ओल्या कापडात, मुठीनं ओढायचं, पोटाखाली दाबायचं, पुन्हा ओढायचं. शेजारच्यानं आपल्या वाटणीचं कापड सोडलं तर तुमच्या हातातलंही सुटतं. शेवटी वर कोणी तरी हात केला आणि सगळी ओळ एका पाठोपाठ एक, खेकड्यासारखी नव्हे, अगदी सावकाश, एकेक पाऊल चाचपत डोलकाठीकडे सरकली. आजच्या युद्धनौकेवर यातलं एकही काम नाही. तरी नौदलं ही बोट का ठेवतात ते मला तिथं कळलं. रडारच्या पडद्यासमोर बसून शेजारच्याच्या पायाचा भार कळत नाही.

आता नाणं हातात घेऊन पुढचं वाचा, कारण ही बोट दोन मोठ्या दुर्घटनांनंतरची आहे आणि ते माहीत असल्याशिवाय नाण्यावरचं जहाज नुसतं चित्र वाटतं.

पहिली दुर्घटना निओबेची. हे त्या वेळच्या जर्मन नौदलाचं शिकाऊ जहाज. २६ जुलै १९३२ला फेमार्न बेटाजवळ, भर उन्हाळ्यात, अचानक वाऱ्याचा फटका आला, बोट कलली आणि उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरून काही मिनिटांत बुडाली. ६९ जण गेले. बरेचसे विशी-बाविशीतले. मग हँबुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीनं अवघ्या १०० दिवसांत नवी बोट बांधली, तीच पहिली गॉर्ख फॉक, १९३३ची. तिच्या तळाशी इतकं वजन ठेवलं होतं की बोट पार आडवी झाली तरी पुन्हा उभी राहावी. त्याच आराखड्यावर आणखी बोटी झाल्या. महायुद्धानंतर जर्मन नौदलाकडच्या बोटी वेगवेगळ्या देशांकडे गेल्या. एक अमेरिकेच्या तटरक्षक दलाकडे, तिचं नाव ईगल, ती आजही चालते. एक ब्राझीलमार्गे पोर्तुगालला गेली, तिचं नाव सागरेस. युद्धात बुडालेली पहिली गॉर्ख फॉक सोव्हिएत रशियानं वर काढून तोवारिश्च नावानं चालवली, आता ती जर्मनीतच श्ट्रालझुंडच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे.

तुमच्या नाण्यावरची बोट दुसरी गॉर्ख फॉक. तीही त्याच गोदीत, हँबुर्गमध्येच. २३ ऑगस्ट १९५८ला पाण्यात उतरवली आणि १७ डिसेंबर १९५८ला नौदलात दाखल केली. म्हणजे ज्या शहरात बोट बांधली, त्याच शहराच्या टांकसाळीत तिचं नाणं पाडलं. तो बारीक ‘जे’ म्हणूनच मला फार आवडतो.

दुसरी दुर्घटना तिची बांधणी सुरू होण्याच्या काही महिने आधीची. २१ सप्टेंबर १९५७ला पामीर नावाची जर्मनीची चार डोलकाठ्यांची बोट भर अटलांटिकमध्ये, अझोर्स बेटांच्या पश्चिमेला, चक्रीवादळात सापडून बुडाली. व्यापारी नौदलाची शिकाऊ पोरं होती तिच्यावर. ८६ पैकी ६ जण वाचले. ब्युनोस आयर्सहून जव भरून हँबुर्गला निघाली होती आणि बहुतेक जव पोत्यात नव्हता, सुटाच ओतला होता. मी स्वतः गहू आणि जव भरलेल्या बोटींवर काम केलंय, म्हणून हे वाचताना अंगावर काटा येतो. सुटं धान्य होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मालाच्या कोठारात, काठोकाठ भरलं नाही, मधे फळ्या मारल्या नाहीत, तर बोट एका कुशीवर झाली की ते वाहतं. एकदा वाहिलं की परत जागेवर येत नाही, पुढची लाट बोटीला आणखी त्याच कुशीवर टाकते. पामीरनंतर जर्मनीत लोक विचारायला लागले की पोरांना शिडांच्या बोटीवर धाडायचंच कशाला. नवी गॉर्ख फॉक त्या प्रश्नाला सामोरी जात पाण्यात उतरली. तिच्या स्थैर्याची आणि पाणी अडवणाऱ्या कप्प्यांची तपासणी नव्यानं झाली. आणि तिच्यात माल भरत नाहीत. माणसं आणि शिडं, बस्स.

बोटीचं नाव एका लेखकाच्या टोपणनावावरून आहे. खरं नाव योहान किनाऊ, हँबुर्गजवळच्या फिंकेनवेर्डरच्या कोळ्याचा मुलगा. ३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत विसबाडेन या क्रूझरवर तो गेला.

लेकीला एक काम द्या. भिंगातून जहाजाची सगळ्यात मागची डोलकाठी पाहायला सांगा. या बोटीच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी शिडं असतात, मागच्या डोलकाठीवर नसतात, तिथे शिडं लांबीच्या दिशेनं बांधलेली असतात. अशा बोटीला बार्क म्हणतात. नोटेवरच्या चित्रातही तेच शोधायला सांगा.

---

कील_मधला_पुणेकर

सारंगकाका, वाचून फार बरं वाटलं. मी सध्या कीलमध्ये राहतो, त्यामुळे अलीकडचं थोडं सांगतो.

२०१५ च्या शेवटी ही बोट दुरुस्तीला गेली ती थेट २०२१ साली कीलला परतली. सुरुवातीचा अंदाज १ कोटी यूरोच्या आसपास होता, शेवटी खर्च १३ कोटी ५० लाखांवर गेला. इथल्या वर्तमानपत्रांत त्यावर प्रचंड चर्चा झाली, संसदेतही. नवीनच बोट बांधा म्हणणारेही बरेच होते. ती परत आली त्या दिवशी मात्र किनाऱ्यावर खूप लोक जमले होते.

अजून एक गोष्ट या नाण्याशी जोडलेली आहे आणि ती लहान मुलीला सांगायची की नाही हे मधुराताईंनी ठरवावं. ज्या वर्षी हे नाणं निघालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर समुद्रात नोर्डरनाय बेटाजवळ रात्रीच्या पाळीवर असलेली १८ वर्षांची एक शिकाऊ मुलगी बोटीवरून पाण्यात पडून गेली. २०१० मध्ये ब्राझीलच्या साल्वादोर बंदरात आणखी एक शिकाऊ अधिकारी मुलगी डोलकाठीवरून पडून गेली. त्यानंतर प्रशिक्षण थांबवून चौकशी झाली. शिडांवर चढण्याचा सराव आता आधी जमिनीवर उभ्या केलेल्या डोलकाठीवर होतो.

---

मधुरा_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. वजन करून आणलं, १८ ग्रॅम बरोबर. लोहचुंबक चिकटत नाही. कडेची अक्षरं स्वच्छ आहेत. डबी मागवलीय, डाग तसेच ठेवलेत. लेकीनं मागची डोलकाठी पाहिली आणि नोटेवर जहाजाची शिडं मोजत बसलीय.

सारंगकाका, नानाकाकांना तुमचं लिखाण वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे नाणं त्यांनी कीललाच, कालव्याच्या मुखाशी थांबले असताना घेतलं. एवढंच बोलले, मग बराच वेळ तुमच्या परबाणाच्या वर्णनावर परत परत येत होते.

लेकीचा नवा प्रश्न: आपल्या नौदलाकडे अशी बोट आहे का?

---

मुरगावकर

आहे की, आणि आमच्याच गावची! आयएनएस तरंगिणी. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधली, १ डिसेंबर १९९५ला पाण्यात उतरली आणि ११ नोव्हेंबर १९९७ला नौदलात दाखल झाली. तीन डोलकाठ्या, ५४ मीटर लांब आणि तीही बार्कच, म्हणजे मागच्या डोलकाठीवर आडवी शिडं नाहीत. आराखडा कॉलिन मुडी या ब्रिटिश रचनाकाराचा. तिची धाकटी बहीण आयएनएस सुदर्शिनी, तीही इथेच बांधलेली, २०१२ साली दाखल. दोघींचं घर कोची.

तरंगिणीनं २००३-०४ मध्ये जगप्रदक्षिणा केली. भारतीय नौदलाच्या शिडांच्या शिकाऊ जहाजाची ती पहिलीच. टपाल खात्यानं २००४ साली तिचं तिकीट काढलं, ५ रुपयांचं. मधुराताई, ते तिकीट शोधा, सहज मिळतं.

आणि सारंगकाकांनी सागरेसचं नाव घेतलं ना, ती पांढऱ्या शिडांवर लाल क्रूस असलेली बोट २०१० साली तिच्या जगप्रवासात गोव्याला येऊन गेली. तुमच्या नाण्यावरच्या बोटीची सख्खी थोरली बहीणच म्हणायची.

---

सारंग_दाभोळ

मुरगावकर, तरंगिणीची माहिती दिलीत ते फार चांगलं केलंत. मला मनापासून वाटतं की तरंगिणीचं नाणं निघावं. टांकसाळ मुंबईत आहे, फोर्टात, १८२९ पासूनची. बोट गोव्यात बांधलेली. तिच्या दोरांना हात लावलेली कित्येक पोरं आज नौदलात मोठ्या हुद्द्यावर असतील. तिकीट चिकटवून संपतं, नाणं हातातून हातात जातं. पोरांना विचारू द्या की ही कुठली बोट.

आपण कोकणातली माणसं बंदराला चिकटून वाढलो, पण नोटेवर, नाण्यावर बोट पाहायची सवय आपल्याला राहिली नाही. पूर्वी होती. जुन्या १० रुपयांच्या नोटेच्या मागे शिडाचं गलबत असायचं, माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. आणि गंमत बघा, तुमच्याकडची जर्मन नोटही १० चीच. दोन्ही देशांनी एकाच किमतीच्या नोटेवर शिडाची बोट छापली.

नानाकाकांना माझा नमस्कार सांगा. कुठल्या कंपनीत होते, कुठल्या काळात, हे विचारा. कील कालव्यात आम्ही शेजारून गेलोही असू.

---

नाणेसंग्रह_सांगली

नोटेबद्दल राहिलंच होतं. जहाजवाली १० मार्कांची नोट १९६३ पासून चलनात आली. खाली तारीख छापलेली असते, १९६०, १९७०, १९७७ किंवा १९८०. १९६०ची असेल आणि घडी कमी पडलेली असेल तर संग्राहक जास्त देतात. नव्वदीच्या सुरुवातीला त्या जागी गाउस या गणितज्ञाची नोट आली.

मार्क बंद होऊन यूरो आला तरी जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही बदलून देते, मुदत नाही. दर ठरलेला आहे, १ यूरोला १.९५५८३ मार्क. म्हणजे तुमच्या नोटेचे ५ यूरो ११ सेंट होतील. पण मधुराताई, नोट आणि नाणं एकाच अल्बमच्या पानावर समोरासमोर लावा, त्यालाच खरी शोभा आहे. तारीख कोणती आहे ते इथे लिहा.

---

मधुरा_कुडाळ

नोटेवर २ जानेवारी १९७० आहे, मधोमध एक घडी. तरंगिणीचं तिकीट मुंबईच्या जीपीओजवळच्या एका विक्रेत्याकडे मिळतंय, मागवलं. पानावर आता तीन चौकोन आखलेत: नोट, नाणं, तिकीट. चौथा लेकीनं स्वतःच आखलाय आणि त्यात पेन्सिलीनं ‘तरंगिणी, नाणं’ असं लिहून ठेवलंय.